एकतिसावा प्रश्न

शनिवार, ६ सप्टेंबर

अन्वी आज दोन बॅगा घेऊन आली. हाउन्सलोच्या तिच्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर दिवसभर ड्रिलिंग चालतं, म्हणून महिनाभर इथे वॉटफर्डलाच राहून अभ्यास करणार म्हणाली. मला आनंद झाला तो पहिली दहा मिनिटं. मग अभ्यास कशाचा ते तिने सांगितलं.

पोलिसात सहा वर्षं झाली तिला. आजवर कमरेला दांडकं आणि स्प्रे, त्याचीही मला आता कुठे सवय झाली होती. आता बंदूक. तीही उघड नाही. साध्या कपड्यांत, जॅकेटच्या आत, शेजारून जाणाऱ्याला पत्ता लागणार नाही अशी. दोन वर्षं मुलाखती आणि फिटनेस टेस्ट चालल्या होत्या आणि बाईसाहेबांनी चकार शब्द काढला नव्हता. सहा ऑक्टोबरला लेखी परीक्षा, चाळीस प्रश्न, सगळा कायदा. पास झाली तर त्याच आठवड्यात गोळीबाराच्या सरावाला रेंजवर. नापास झाली तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा दोन वर्षं.

अतुलने उठून तिच्याशी हात मिळवला. बाप आहे की बँक मॅनेजर! मी विचारलं, चहा ठेवू का? 

तिने बजावलंय की हे फक्त आम्हा दोघांना माहीत असणार. इथल्या मराठी मंडळात नाही, शेजारी नाही, फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नाही. साध्या वेशात बंदूक घेऊन फिरणाऱ्या माणसाचं नाव चारचौघांत झालं की तो कामातून गेला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. म्हणून ही वही आणली. इथे भिजवते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. अतुल प्रश्न विचारता विचारता स्वतःच उत्तर देतो, त्याला तिने पहिल्याच दिवशी हाकललं. मी बरी. फार्मसीत माझं कामच ते आहे. दुसऱ्याने भरलेली औषधं पिशवीत जाण्याआधी मी तपासते. नाव, औषध, ताकद, डोस. लेबल तीनदा वाचल्याशिवाय माझी सही होत नाही. लोक मला चिकट म्हणतात, म्हणोत.

लाल फोल्डर आहे. जेवणं झाली की मी टेबलाशी फोल्डर घेऊन बसते आणि ती भांडी पुसत उत्तरं देते. बळ किती वापरायचं? त्या परिस्थितीत वाजवी असेल तेवढंच. तिचं ‘वाजवी’ ऐकून मजा वाटते. तो शब्द मीच शिकवला, तिचं मराठी ‘माझा परीक्षा’च्या पुढे गेलेलं नाही.

एकतिसावा प्रश्न मी विचारत नाही. ‘तुम्ही गोळी झाडली आहे आणि समोरचा माणूस खाली पडला आहे’ असा सुरू होतो. एवढंच वाचलं, पुढचं वाचलं नाही. पानं चिकटलीत गं, म्हणाले आणि बत्तिसाव्यावर गेले. तिने पुढची बशी पुसायला घेतली.

रविवार, १४ सप्टेंबर

अतुल म्हणतो, तुला तिच्या जिवाची भीती वाटते, साहजिक आहे. मी मान डोलावली. पण इथे खोटं कशाला लिहू?

अकरा वर्षांपूर्वी माझ्या सहीने एक पिशवी गेली. मिस्टर प्रिचर्ड, सत्तर वर्षांचे, सांधेदुखी. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, लेबलवर ‘रोज’. एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये होते. वाचले. अजून येतात काउंटरवर, हवापाण्याच्या गप्पा मारतात, मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. ते आत आले की मी आजही मागच्या खोलीत जाऊन काहीतरी शोधते. चौकशी झाली, कोणी मला कामावरून काढलं नाही, सगळे चांगलेच वागले. पण जे हातून झालं ते झालं.

ती मेली तर काय, हा विचार मी करूच शकत नाही, तो मनात आला तरी मागे फिरतो. पण तिच्या हातून कोणी मेलं तर? तिने सगळं बरोबर केलं असेल, वाजवी केलं असेल, तरी ती मागच्या खोलीत जाऊन काहीतरी शोधत बसेल. आयुष्यभर. हे अतुलला कसं सांगू? त्याची सही कुठल्याच पिशवीवर नसते.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. सकाळी कामाला जाण्याआधी घट बसवले.

अन्वी चाळीसपैकी चौतीस. पास व्हायला छत्तीस लागतात. आजचा प्रश्न मला आवडला. पोलिसाला वाटलं समोरच्याच्या हातात बंदूक आहे आणि निघाली टेबलाची तुटकी तंगडी, तर? तिने नीट समजावलं. त्या क्षणी पोलिसाला मनापासून काय वाटलं ते आधी बघायचं. समजूत चुकीची निघाली तरी चालेल, पण प्रामाणिक हवी. मग त्या समजुतीवर त्याने केलं ते वाजवी होतं का, ते बघायचं. मी विचारलं, मनापासून वाटलं की नाही हे दुसऱ्याला कसं कळणार? ती म्हणाली की म्हणून तर स्टेटमेंट लिहायचं. एकट्याने. कोणाशी न बोलता, कोणाशी जुळवून न घेता, काय पाहिलं आणि काय केलं तेवढं.

आमच्या फार्मसीत नियर मिस रजिस्टर असतं. चूक पिशवीतून बाहेर जाण्याआधी पकडली तरी लिहायची, कोणी केली आणि का झाली. तिला सांगितलं तर म्हणाली, आई, तू चांगली पोलीस झाली असतीस. काहीतरीच.

रविवार, २८ सप्टेंबर

अन्वी चिडली. म्हणे गेल्या आठवड्यात मी तिला पाच वेळा अभ्यासातून उठवलं. एकदा भोंडल्याला चल म्हणून, एकदा नारळ आणायला, एकदा जोशीकाकूंना घरी सोडायला. मोजून ठेवलंय! घरात मुलगी असताना मी नारळ आणायला बसने जाऊ? सणावाराचं घर आहे, हॉस्टेल नाही. अतुल चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, तू वर्तमानपत्र वाच.

हरीशचा फोन आला होता, अतुलचा मावसभाऊ, मंडळाचं पेज तो चालवतो. अन्वी दिसत नाही कुठे, विचारत होता. रजेवर आहे म्हटलं. तोंड शिवल्यासारखं बसले. मलाच माझं कौतुक वाटलं.

आज सदतीस. हुशार आहे कार्टी.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. माझी सुट्टी होती. आमच्याकडे ज्याचं त्याचं हत्यार देवापुढे ठेवून पूजा होते. माझा गोळ्या मोजायचा त्रिकोणी ट्रे आणि चपटा चमचा, अतुलचा लॅपटॉप, अन्वीची शिट्टी. सहा वर्षं तिची शिट्टीच असते. या वर्षी मी म्हटलं, लाल फोल्डर ठेव. तेच तुझं हत्यार सध्या. आणि पूजेला ठेवलेलं पुस्तक दसऱ्याची पूजा होईपर्यंत उघडायचं नाही, हे काही मी शोधून काढलं नाही, माझी आईही करायची.

ती म्हणाली, परीक्षा पाच दिवसांवर आली आहे. मी म्हटलं, एका दिवसाने काही बिघडत नाही, देवीचा दिवस आहे. तिने बुटांच्या नाड्या बांधल्या. मग फोल्डर आणून दिलं आणि पळायला गेली.

पूजा छान झाली. टेस्कोत झेंडू मिळाला नाही, शेजारच्या मार्गारेटने तिच्या बागेतला दिला. एक मोठं फूल फोल्डरच्या कव्हरवर नेमकं नावावर बसलं होतं, ते जरा डावीकडे सरकवलं, म्हणजे नाव दिसेल. हळदकुंकू वाहिलं. दर वर्षीसारखा फोटो काढला, दर वर्षीसारखा फॅमिली ग्रुपवर टाकला, ‘आमची खंडेनवमी’. त्रेचाळीस माणसांचा ग्रुप, तासाभरात सगळ्यांचे नमस्कार आले. फोटो फार सुरेख आलाय. दिवसभर बरं वाटलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. 

हरीशने फोटो मोठा करून बघितला. कव्हरवर अन्वीचं नाव, कोर्सचं नाव, ट्रेनिंग सेंटर, तारीख. त्याने सकाळी मंडळाच्या पेजवर टाकला, ‘वॉटफर्डची वाघीण आता शस्त्रधारी, दसऱ्याच्या शुभेच्छा’. वाईट हेतू काहीच नाही, अभिमानच. मी कामावर होते. अन्वीच्या शाळेतल्या मैत्रिणीने अभिनंदनाचा मेसेज पाठवला तेव्हा तिला कळलं. तिने हरीशला फोन करून काढायला लावला. तोवर तीन तास झाले होते आणि दोनशेच्या वर लोकांनी पाहिला होता.

मी घरी आले तेव्हा ती जिन्यावर बसून तिच्या सार्जंटशी बोलत होती. शांत आवाजात, पूर्ण वाक्यांत. फोन ठेवला आणि मला म्हणाली की तिने स्वतःच रिपोर्ट केलंय. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, अगं मला दिसलंच नाही कव्हरवर काय आहे ते, पूजेच्या गडबडीत लक्षच गेलं नाही. ती म्हणाली, ओके.

श्रीखंड तसंच पडलंय.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सार्जंटने तिला बोलावून घेतलं होतं. सोमवारची परीक्षा सध्या थांबवली आहे. कोर्सवर ठेवायचं की कायमचं काढायचं ते वरचे लोक ठरवतील. तिचं स्टेटमेंट झालं. माझंही हवंय, रविवारपर्यंत, ईमेलने.

मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, ‘आई, मला विचारू नकोस. जुळवून लिहायचं नाही. तुझं तू लिही.’ आणि वर निघून गेली. तिच्या स्टेटमेंटमध्ये काय लिहिलंय ते तिने सांगितलं नाही, मला वाटतं आईकडून नकळत चूक झाली असंच लिहिलं असेल.

अतुल म्हणाला, निवेदिता, दोन ओळींचं काम आहे, चूक झाली, माफी मागते, संपलं. मी कागद घेऊन बसले. रजिस्टरमध्ये लिहिते तसं लिहू लागले. काय घडलं, कोणाकडून, कधी. शेवटी कारण. तिथे आमच्या रजिस्टरमध्ये चौकोन असतात, त्यात खूण करायची. घाई होती. नावं सारखी दिसत होती. कोणीतरी मध्येच बोललं. प्रकाश कमी होता.

घाई नव्हती, सुट्टी होती. मध्ये बोलायला घरात कोणी नव्हतं. उन्हं थेट देवघरावर आली होती. मी कागद उलटा करून ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सकाळी तारखा नीट लिहाव्यात म्हणून ही वही उघडली. बुधवारचं पान वाचलं.

‘जरा डावीकडे सरकवलं, म्हणजे नाव दिसेल.’

माझंच अक्षर. तीनदा वाचलं. लेबल तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारी बाई मी, आणि मला कव्हर दिसलं नाही? दिसलं होतं. नाव दिसावं म्हणूनच फूल हलवलं. मग ग्रुपवर टाकलं, ज्या ग्रुपमध्ये हरीश आहे, आणि हरीशच्या हातात मंडळाचं पेज आहे. त्या क्षणी मी मनात ‘आता हिचं बिघडवते’ असं म्हणाले का? नाही. देवाशपथ नाही. पण नारळ, भोंडला, जोशीकाकू, एक दिवस फोल्डर उघडायचं नाही. पाच वेळा, तिने मोजून ठेवलं होतं. मी मोजत नव्हते, एवढंच.

आणि दिवसभर बरं वाटलं, हेही लिहून ठेवलंय.

मग इंग्रजीत स्टेटमेंट लिहिलं. मला सांगितलं होतं की कोणाला कळता कामा नये. मी कव्हर वाचलं होतं. नाव दिसावं म्हणून मी फूल सरकवलं. फोटो मी काढला आणि मी पाठवला. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. अतुलने वाचलं आणि म्हणाला, हे पाठवशील तर तू मुद्दाम केलंस असा अर्थ होतो. मी म्हटलं, काय केलं ते लिहिलंय, अर्थ त्यांनी लावावा. आणि पाठवून दिलं.

लाल फोल्डर अजून देवापुढेच होतं. दसऱ्याला पूजा करून ते उचलायचंही राहिलं होतं. फूल सुकलं होतं. फोल्डर उचललं, उघडलं, एकतिसाव्या प्रश्नावर आले. पानं काही चिकटलेली नव्हती. तुम्ही गोळी झाडली आहे आणि समोरचा माणूस खाली पडला आहे. धोका टळला आहे. आता तुमचं पहिलं काम काय? उत्तर खाली अन्वीच्या अक्षरात. त्याच्याजवळ जायचं. रक्त थांबवायचं. ज्याने गोळी झाडली त्यानेच. मदत येईपर्यंत जवळ राहायचं, तो शिव्या देत असला तरी.

मी वर गेले. दार उघडंच होतं. स्टेटमेंट पाठवलंय, आता बोलले तर चालेल ना, विचारलं. तिने मान डोलावली. वही पुढे केली. तिला माझं मराठी अक्षर लागत नाही, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती, लहानपणी दर शनिवारी वाचायची तशी. ‘सरकवलं’वर अडली. मी सांगितलं.

ती म्हणाली, ‘का?’

‘तू नापास व्हावीस असं मला वाटत होतं.’

दोन वर्षं, आई, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी जायला उठले. मग गेले नाही. दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. तिने आतून दोनदा सांगितलं, जा. जेवणाची वेळ होऊन गेली, अतुल खालून दोन ताटं वाढून घेऊन आला, एक तिच्या दाराशी ठेवलं. पाचच्या सुमाराला तिने ताट आत ओढून घेतलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काढलं नाही. या कोर्समधून नाव गेलं, जानेवारीच्या कोर्सला बसवतील. कळल्यापासून तासाभरात तिने स्वतः रिपोर्ट केलं हे तिच्या बाजूने धरलं. माझ्या स्टेटमेंटबद्दल सार्जंट फक्त एवढंच म्हणाली की असं स्टेटमेंट तिने आजवर कुणाच्या आईकडून वाचलं नव्हतं. चांगलं की वाईट ते अन्वीने सांगितलं नाही.

ड्रिलिंग थांबलं नसतानाच ती हाउन्सलोला परत गेली. जाताना वाकून नमस्कार केला, अतुलला आणि मलाही. माझ्या पायांकडे बघून केला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

मिस्टर प्रिचर्ड आले होते. मी मागच्या खोलीत गेले नाही. काउंटरशी उभी राहिले, त्यांची पिशवी तपासली, त्यांच्या हातात दिली आणि मी त्यांना म्हटलं की अकरा वर्षांत मी त्यांची माफी मागितलेली नाही. चौकशीच्या वेळी आमच्याकडून पत्र गेलं होतं, ते वेगळं. ते म्हणाले, मला वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस, मी आलो की निघून जातेस. मग म्हणाले की पावसाची लक्षणं आहेत. मी म्हटलं हो, छत्री आणलीत का?

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवाळीत अन्वी आली नाही, फराळ अतुलने नेऊन दिला. आज न कळवता आली. वजन उतरलंय. पोहे केले, दोनदा मागून घेतले. जेवणाखाणाशिवाय काही बोलणं झालं नाही.

मग तिने बॅगेतून लाल फोल्डर काढलं आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवलं. कव्हरवरचं नाव, तारीख, सगळं काळ्या मार्करने खोडलेलं. ती भांडी पुसायला उभी राहिली. मी चष्मा लावला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. अजून मला ती पास व्हावी असं वाटत नाही. हे तिला माहीत आहे. तरी फोल्डर माझ्याकडेच दिलं.

तिसावा झाला. पान उलटलं. मी एकतिसावा प्रश्न पूर्ण वाचला, अडखळत, पण पूर्ण.

तिने उत्तर दिलं, एकही शब्द न चुकता, पुढच्या दोन पोटप्रश्नांसकट. मी विचारलं, हा तर मी तुला कधीच विचारला नव्हता, मग इतका चोख कसा?

‘तू वगळायचीस ना, म्हणून हा मी रोज एकटीने केला.’

मी समोर टिक केली आणि बत्तिसावा विचारला.